सोमवारी केलेल्या सात सह्या

नऊपैकी पाच बटाटे सोलून पाण्यात पडले होते, चार राहिले होते, तेवढ्यात मुंगीने दप्तरातून कागद काढून आईच्या नाकासमोर धरला. रविवारची संध्याकाळ होती आणि बटाटे दुसऱ्या दिवसाचे होते. माझी धाकटी जाऊ उद्याची भाजी आज चिरते, उद्याचे कपडे आज काढून ठेवते, आणि तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते. मी तिच्याकडे चाळणी परत द्यायला गेले होते, ती हातातच राहिली.

"वाच तूच," धाकटी म्हणाली. "माझे हात ओले आहेत."

मुंगी म्हणजे तिची दहा वर्षांची मुलगी. लहानपणापासून काही ना काही उचलून घरभर हिंडायची, म्हणून हे नाव पडलं. शाळेत वाद्यवृंदाचा नवा वर्ग निघाला होता. सोळा व्हायोलिन शाळेच्या मालकीची आणि नावं दिलेली मुलं बेचाळीस. बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एक मिनिट हलू नका म्हणून सांगितलं. जी हलली नाहीत ती घेतली. मुंगी हलली नाही.

"आमच्या घराण्यात नुसतं उभं राहून कुणाला काही मिळालं असेल तर ते हिलाच," धाकटी म्हणाली होती. ती हे हसून म्हणाली, पण त्या दिवशी तिने ही गोष्ट जिन्यातल्या चौघींना तरी सांगितली.

कागदावर नव्या मुलांकडून काय अपेक्षा आहेत ते लिहिलं होतं. डाव्या हाताची नखं कापलेली असावीत. ज्याने तारांवर घासून वाजवतात त्या गजाच्या केसांना बोट लावू नये, आणि गज पेटीत ठेवण्याआधी सैल करावा. खुंट्या घरी कुणीही पिळू नयेत. पहिले दोन महिने गज हातात मिळणार नाही. तारा बोटाने छेडायच्या आणि गजाऐवजी पेन्सिल धरायची.

"पेन्सिल तर आहेच आपल्याकडे," धाकटी म्हणाली.

पुढे होतं की रोज वीस मिनिटं सराव करावा, आणि तो सुरू असताना घरातल्या एका मोठ्या माणसाने जवळ बसून ऐकावा. ऐकल्यावर त्या दिवसाच्या चौकटीत सही करावी. हे न पाळल्यास वाद्य यादीतल्या पुढच्या मुलाला देण्यात येईल.

धाकटीने हात पुसले, कागदाखाली सही केली आणि उरलेले चार बटाटे सोलायला घेतले.

ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे, अकरा वर्षं झाली. दुपारी दोन ते रात्री दहा. पहिली सहा वर्षं ओल्या बाजूला होती. मळक्या चादरी येतात, त्या वेगळ्या करायच्या, भिजवायच्या, मशीनमध्ये भरायच्या. मग तिला कोरडी बाजू मिळाली. तिथे इस्त्री आणि घड्या, टेबलाशी उभं राहून काम, हात सुके. त्या दिवशी तिने मला घरी येऊन हात दाखवले होते, जशा कुणी नवीन बांगड्या दाखवाव्यात तसे. दीर ट्रक चालवतात, आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. त्यामुळे धाकटीला घर आधीपासून चालवावं लागतं. ती नसताना जे घडणार ते ती असतानाच उरकून ठेवते. एका वर्षी तर तिने मुंगीच्या वाढदिवसाचा फ्रॉक तीन आठवडे आधीच घालायला दिला, का तर त्या दिवशी दुहेरी पाळी लागेल असं तिला वाटत होतं. दुहेरी पाळी लागलीच नाही. वाढदिवशी फ्रॉक धुवायला पडला होता.

सरावाचा कागद दर सोमवारी नवा यायचा आणि पुढच्या सोमवारी शाळेत द्यायचा. त्यावर सात चौकटी. मुंगी तीन वाजता शाळेतून यायची, तेव्हा आई कामावर गेलेली असायची. सकाळी सराव करावा तर आमच्या इमारतीत आठच्या आधी आवाज चालत नाही, आणि शाळा साडेसातची. मग धाकटी सोमवारी रात्री घरी आली की जेवायच्या आधी सातही चौकटींत सह्या करून कागद पेटीत ठेवून द्यायची.

मी एकदा पाहिलं. म्हटलं, "अगं, तिने अजून वाजवलंय कुठे?"

"वाजवेल की. पळून जातेय थोडीच."

आणि मुंगी खरंच वाजवायची. रोज चार वाजता माझ्या पायाखालून टण्, टण्, टण् असा आवाज यायचा. मोकळ्या चार तारा, एकेक आठ वेळा. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर मला जिन्यात विचारायचे, "खाली काय दुरुस्ती काढली आहे का?" तेव्हा सरावाबद्दल सही खोटी नव्हती. रविवारी धाकटी घरी असायची, त्या दिवशी तर ती ऐकायचीही. मी देवासमोर बसले की या सह्यांचा विचार मनात यायचा, आणि मी तो बाजूला सारायचे. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. मी गप्प राहिले, हे इथे लिहून ठेवते.

पाचव्या आठवड्यात बाईंनी अचानक बुधवारीच सगळ्यांचे कागद मागितले. मुंगीने आपला दिला. त्यावर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार सगळे सह्यांनी भरलेले होते.

बाईंची चिठ्ठी आली: पालकांनी भेटावं. धाकटीने मला बरोबर चलायला सांगितलं. "तुम्ही असलात की माझं तोंड जरा आवरतं, ताई," ती म्हणाली.

वाद्यवृंदाची खोली शाळेच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली. लाकडी मांडणीवर सोळा पेट्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. बाई ठेंगण्या, केसांत पेन्सिल खोचलेली. त्या एकेक व्हायोलिन काढून सूर लावत होत्या आणि लावता लावताच बोलत होत्या, त्यामुळे प्रत्येक दोन वाक्यांमध्ये एक तार वाजायची.

"गुरुवार उजाडायचा होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय ऐकलंत?"

"गुरुवारी मी घरी नसते," धाकटी म्हणाली. "पण ती करते हो सराव. या वर राहतात, यांना विचारा. यांच्या जमिनीतून ऐकू येतं."

"करते, मला माहीत आहे. बोटं बघून कळतं." बाईंनी खुंटी किंचित फिरवली. "मी सराव झाला का ते विचारलंच नाहीये. कुणी बसलं होतं का ते विचारलंय. मुलाला आपला खांदा वर गेलेला दिसत नाही. मनगट वाकडं झालेलं दिसत नाही. तुमच्या मुलीचं मनगट वाकलंय. महिनाभर तसंच राहिलं तर सरळ करायला वर्ष जातं."

"मला कुठे व्हायोलिनमधलं कळतं?"

"मनगट कळतं ना? तुम्ही इस्त्री करता असं मुलगी म्हणाली. मनगट मोडून इस्त्री फिरवता का?"

"छे. अर्ध्या तासात हात जाईल."

"तेच बघायचं. बाकी मी बघते."

बाईंनी तिला भिंतीवरची यादी दाखवली. सव्वीस मुलं वाट पाहत होती, पहिल्या नावाखाली रेघ होती. पुढच्या सोमवारपासून दोन आठवडे वेळ दिला. त्या दोन आठवड्यांत कुणी घरचं माणूस बसलं नाही, तर व्हायोलिन त्या रेघेवरच्या मुलाकडे जाईल.

"मी बसेन की," मी म्हटलं. "चार वाजता मी मोकळीच असते."

"चालेल," बाई म्हणाल्या आणि पुढचं व्हायोलिन घेतलं.

मला वाटलं, मिटलं. घरी येताना धाकटी वाण्याच्या दुकानापर्यंत भराभर पुढे चालत होती. मग म्हणाली, "ताई, तुम्ही नका बसू."

"का गं?"

"तिला भूक लागली तर तुम्ही देता. ताप आला तर तुम्ही बघता. पहिला दात पडला तो तुमच्या हातात पडला. मी रात्री येते तेव्हा ती झोपलेली. सकाळी तिचा डबा भरते, वेणी घालते, की ती गेली." ती चालत होती तशीच चालत राहिली. "शाळेने एक काम माझ्या नावाने दिलंय, तेही मी सोमवारीच उरकून टाकलं."

मी म्हटलं की मला त्याचं ओझं नाही. ती म्हणाली, "ओझं माझंच आहे हो, तुमचं कुठे म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी तिने सुपरवायझरला गाठलं. सहा ते दोनची पाळी हवी म्हणाली. तो काय बोलला ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

"सकाळी इस्त्रीला जागा नाही. ओल्या बाजूला आहे."

"कोरडी बाजू कधी रिकामी होईल?"

"कुणी निवृत्त झालं तर. सकाळच्या बायका अजून तरुण आहेत."

"मग ओली द्या."

"अकरा वर्षं झाली तुला. लोक ओलीतून कोरडीत यायला भांडतात."

"मीही भांडले होते," धाकटी त्याला म्हणाली. "आता उलटं भांडतेय. लिहून घ्या."

मला हे पटलं नाही आणि मी तसं तिला सांगितलं. तिच्या हातांना ओल्या बाजूला भेगा पडायच्या, रात्री मलम लावून मोजे घालून झोपायची, ते मी पाहिलेलं. वर बसून ऐकणारी मी असताना कशाला? ती म्हणाली, "हात पाच वर्षं आराम करत होते. पुरे." दिरांना फोनवर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ, पण घड्याळ पुढे आहे हे विसरू नकोस, नाहीतर पाचलाच जाऊन उभी राहशील."

त्या सोमवारी, नव्या पाळीच्या पहिल्या दिवशी, ती साडेचारला उठली, दोनला सुटली, पावणेतीनला घरी. चार वाजता मुंगीने पेटी उघडली. मी परत करायचे राहिलेले डबे घेऊन खाली गेले होते, म्हणून मी तिथे होते. धाकटी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, पाय लांब करून. मुंगी उभी राहिली, व्हायोलिन खांद्यावर घेतलं, हनुवटी टेकवली. पहिली तार, आठ वेळा. दुसरी तार, आठ वेळा. तिसऱ्या तारेच्या चौथ्या टण्‌ला धाकटीची मान एका बाजूला गेली.

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. ती वाजवत राहिली, पण हळू. मग पेन्सिल धरायचा सराव केला, तो तर बिनआवाजाचा. वीस मिनिटं झाली तेव्हा तिने कागद आणला आणि आईचा खांदा हलवला.

"आई, सही."

धाकटीने डोळे उघडले. पेन हातात घेतलं. चौकटीकडे पाहिलं.

"मी कधी झोपले?"

"तिसऱ्या तारेला."

"मग पुन्हा वाजव. तिसऱ्यापासून."

"आई, मी सगळं केलंय. काकू होत्या ना."

"काकूंची सही नाहीये इथे. वाजव."

मुंगी वैतागली, पण तिने व्हायोलिन उचललं. धाकटी या वेळी उभी राहून ऐकत होती, म्हणजे झोप येणार नाही. थोड्या वेळाने तिने पुढे होऊन मुलीचं मनगट दोन बोटांनी वर उचललं.

"दुखतं," मुंगी म्हणाली.

"दुखेल चार दिवस. असं मोडून मी इस्त्री केली असती तर सुपरवायझरने मला हाकलली असती."

"तू आता इस्त्री करत नाहीस."

"म्हणून काय विसरले? वाजव."

त्यानंतर रोज ती स्टुलावर बसायची. चार तारा आठ आठ वेळा ऐकणं म्हणजे काही भजन नव्हे. दुसऱ्या आठवड्यात तिला सुरातला फरक कळायला लागला. एकदा म्हणाली, "आज ही पातळ वाजतेय, काल अशी नव्हती," आणि मुंगीने खुंटीला हात घातला तसा तिच्या हातावर हलकेच चापट बसली. "कागदात काय लिहिलंय? बाईंना सांग." दुसऱ्या दिवशी बाईंनी तार पाहिली, ती खरंच उतरली होती.

एका गुरुवारी तिला उशीर झाला. सकाळच्या पाळीतली एक बाई आली नव्हती, तिचंही काम हिच्यावर पडलं, घरी यायला साडेपाच वाजले. मुंगीचा सराव होऊन गेला होता. मी ऐकला होता, वरून. त्या दिवशीचं जेवण माझ्याकडे होतं. मुंगी झोपायच्या आधी म्हणाली, "आई, गुरुवारची सही राहिली."

"राहू दे रिकामी."

"मग व्हायोलिन जाईल."

धाकटीने ताट उचलून ठेवलं आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. भेगांना पाणी लागत असावं. "जाईल तर जाईल," ती शेवटी म्हणाली. "ऐकलं नाही तर नाही."

मुंगी रडत झोपली. मी त्या रात्री देवाला सांगितलं की त्या मुलीचं वाद्य राहू दे, आणि मग हेही सांगितलं की धाकटीने भरू नये ती चौकट.

सोमवारी आम्ही तिघी गेलो. बाईंनी दोन आठवड्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. तेरा सह्या, एक चौकट रिकामी. त्यांनी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथे?"

"कामावर उशीर झाला," धाकटी म्हणाली. "तिने वाजवलं. मी नव्हते."

बाईंनी मुंगीला व्हायोलिन घ्यायला लावलं. मनगटाखाली हात घालून पाहिलं, खांदा दाबून पाहिला. मग मांडणीवरून एक गज काढला, त्याच्या चिठ्ठीवर मुंगीचं नाव लिहिलं आणि तिच्या पेटीत ठेवला. "पुढच्या सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "तोवर हात लावायचा नाही." भिंतीवरच्या यादीतली रेघ त्यांनी तशीच राहू दिली. आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाल्या, "डाव्या हाताची नखं वाढलीत."

बाहेर आल्यावर धाकटीने मुंगीची नखं पाहिली, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते खिशात घातले. गज मिळाल्यावर आवाज किती वाढेल याबद्दल पोस्टमास्तरांना आधीच सांगून ठेवावं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ते मी सांगते.

उद्या पाळी सुटली की तिला लाँड्रीच्या स्टोअरमध्ये जायचंय. ओल्या बाजूचे रबरी बूट तिला एक नंबर मोठे मिळालेत, ते बदलून आणायचे आहेत.