असल्फ्याच्या उतारावर

पेट्रोल वाचवण्याचं वेड आमच्या ह्यांना स्कूटरबरोबरच आलं. स्कूटर जुनी, दुसऱ्याने वापरलेली. वेड मात्र कोरं करकरीत. घर यायच्या आधीच कोपऱ्यावर हे पेट्रोलचा कॉक बंद करायचे, म्हणजे आत उरलेल्या थेंबांवर गाडी दारापर्यंत जायची. ब्रेक लावावा लागला की ह्यांचा जीव हळहळायचा. माझ्या पिशवीत बटाटे जास्त झाले तर म्हणायचे, "गाडीवर लोड येतो." मग मलाच उतरवा ना, असं मी म्हटलं की हे क्षणभर खरंच विचारात पडायचे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही दोघं मरोळला कामाला. हे एका वर्कशॉपमध्ये फिटर, मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. दिवसभर उभं राहून बाटल्या खोक्यांत भरायच्या. संध्याकाळी हे गेटवर यायचे आणि आम्ही साकीनाक्यावरून घाटकोपरला निघायचो. घरी दोन खोल्या, त्यांत सासू-सासरे, दीर आणि आम्ही. नवराबायकोने दोन शब्द बोलायचे तर जागाच नव्हती. रस्त्यात बोलावं तर स्कूटरचा आवाज. मी काही म्हटलं की हे ओरडायचे, "काय?" मी म्हणायचे, "काही नाही."

फक्त वाटेतला असल्फ्याचा उतार तेवढा आमचा होता. चढ संपला की पेट्रोल वाचावं म्हणून हे इंजिन बंद करायचे आणि एकदम शांत व्हायचं. वारा, चाकांची सरसर आणि समोर ह्यांची पाठ. संसाराचं सगळं बोलणं मी त्या पाठीशी केलं. तोंड समोर असतं तर निम्मं बोललेच नसते. उतार संपता संपता हे गियर टाकून क्लच सोडायचे, इंजिन धडधडायला लागायचं आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहायचं. पुढचं दुसऱ्या दिवशी. दिराच्या लग्नाची चर्चा आम्ही अशी पावसाळाभर केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझे पाय सुजायला लागले. उभं राहायचं काम सोडा, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना सांगायला काय जातं? मुलुंडला स्वतःची खोली घ्यायचं आमचं ठरलं होतं आणि ते दोन पगारांच्या भरवशावर. पेट्रोलही त्या खोलीसाठीच वाचत होतं. मला नोकरी सोडायची होती आणि ते ह्यांना सांगायची भीती वाटत होती. रोज उतार यायचा. "अहो, मला जरा..." म्हणेपर्यंत संपायचा. थकवा असा, की त्याचा रागसुद्धा येत नसे.

एक दिवस दुपारी पॅकिंगच्या टेबलाशी मला चक्कर आली. सोबतच्या बायकांनी बसवलं, पाणी दिलं. सुपरवायझर येऊन म्हणाला, "बाई, उद्या येणार ना?" तेव्हा मात्र मला राग आला. तो संध्याकाळपर्यंत टिकला. इंजिन बंद झाल्याबरोबर मी बोलायला लागले.

"अहो, मला आता नाही होत. दिवसभर तिथे उभी, घरी आले की ओट्याशी उभी. आज चक्कर आली मला. ही नोकरी..."

उतार संपला. ह्यांनी क्लच सोडला, इंजिन धडधडलं. झालं, राहिलं उद्यावर. मी पदराने डोळे पुसले. तेवढ्यात स्कूटर वळली आणि आल्या वाटेने परत चढाला लागली.

"अहो, कुठे निघालात? काही राहिलं का?" मी ह्यांच्या कानाशी ओरडले.

"तुझं बोलणं राहिलं!" हेही ओरडले.

वर जाऊन हे पुन्हा वळले आणि इंजिन बंद केलं. त्या दुसऱ्या उतारावर मी सगळं सांगून टाकलं. नोकरी सोडायचीय, खोली नाही झाली तर नाही झाली, मी थकलेय हो. खाली आल्यावर क्लच सोडला तर इंजिन जरासं खोकलं आणि गप्प बसलं. गाडी सकाळपासून रिझर्व्हवर होती आणि परत वर वळताना ह्यांना ते पक्कं ठाऊक होतं. टाकीच्या कोपऱ्यातलं पेट्रोल उतरावं म्हणून ह्यांनी स्कूटर आडवी करून पाहिली. काही उतरलं नाही.

मी पिशवी सावरली आणि चालायला लागले.

"अगं, चालतेस कुठे? बस गाडीवर, मी ढकलतो."

"अहो, लोक बघतील."

"बघू देत. आणि उद्यापासून कामाला जाऊ नकोस. खोलीचं बघू मागाहून."

ती खोली पुढे कधीच झाली नाही.

मी बसले. हँडल धरून हे ढकलत निघाले. नाक्यावरचा भाजीवाला हसला, "काय भाऊ, वाट लागली काय गाडीची?" "पेट्रोल संपलं," हे म्हणाले. पेट्रोल संपलं असं ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा चढ आहे, तिथे मी विचारलं, उतरू का? हे नको म्हणाले. मीही उतरले नाही.