मशीन थांबत होती

त्या साली पाऊस दडी मारून बसला आणि त्याच साली आमच्या भागातल्या सहकारी सूतगिरणीत स्पेनहून कार्डिंगच्या मशिनी आल्या. कापूस विंचरून त्याचा पेळू करणाऱ्या या अवजड मशिनी. त्या बसवायला एक फिटर आला होता. पन्नाशीचा, ठेंगणा, उन्हानं लालबुंद झालेला माणूस. त्याला स्पॅनिश येत होतं आणि इंग्रजीचे मूठभर शब्द. गिरणीतल्या लोकांना मराठी, दखनी आणि तेवढंच मूठभर इंग्रजी.

मी तेव्हा अंबाजोगाईला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. एक दिवस गिरणीची जीप शाळेच्या दारात उभी राहिली. चेअरमननी बोलावलं होतं. ते म्हणाले, "बाई, पोरींना शिकवता तसंच ह्याला शिकवा. कामापुरतं बोलता आलं म्हंजे बास."

शाळा सुटल्यावर मी जाऊ लागले. गिरणीच्या गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो. समोरून टँकर आत यायचे. हवेत ओलावा नसला की सूत तुटतं, म्हणून गिरणीला पाणी लागायचं, आणि फाटकाबाहेर शेजारच्या वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ते टँकर बघत उभ्या असायच्या. फिटर त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "इज नो वॉटर."

मी सांगायची, 'देअर इज' म्हणा. उकडतं म्हणायचं तर 'इट इज हॉट' म्हणा. तो विचारायचा, हा 'इट' कोण? त्याच्या भाषेत क्रियापदातच कर्ता कळतो. आपल्याकडे नुसतं 'जातो' म्हटलं तरी कोण ते कळतं, तसंच. म्हणून त्याच्या चुका मला चटकन कळायच्या. 'ही गो' म्हणायचा, 'गोज'मधला शेवटचा आवाज खाऊन टाकायचा. पण त्याची खरी अडचण काळाची होती. त्याच्या भाषेत साधा वर्तमानकाळ लई कामं करतो. रोज येतो, आत्ता येतोय आणि थोड्या वेळानं येईन, या तिन्हींसाठी तो 'आय कम' म्हणायचा. एकदा असंच म्हणून गेला आणि तासाभरानं परतला. मला हसू आलं, कारण आपणही घरातून पाय निघालेला नसताना 'आलोच' म्हणतो.

मी पुस्तकाप्रमाणे चालले होते. आधी साधा वर्तमानकाळ पक्का, मग चालू, भूतकाळ त्यानंतर. तो मन लावून शिकत होता. शब्द मोठ्यानं म्हणायचा, चुकला की स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायचा.

अपघात झाला तेव्हा मी तिथं नव्हते. जे कळलं ते जॉबरकडून. जॉबर म्हणजे पाळीवरच्या कामगारांचा मुकादम. तो गावातल्या एका मुसलमान मेकॅनिकचा मुलगा, शांत, कामाचा पक्का. त्या दिवशी एका मशिनीत कापूस अडकला. फिटरनं बटण दाबलं आणि जॉबरला म्हणाला, "मशीन स्टॉप." या मशिनीच्या पोटात तारांचे दात बसवलेला मोठा ड्रम असतो. बटण बंद केलं तरी तो बराच वेळ गरगरत राहतो. नव्या मशिनींचं ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. जॉबरनं झाडलोट करणाऱ्या बाईला सांगितलं, मशीन थांबली, आतला कापूस काढ. तिनं झाकण उचलून हात घातला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती जवळच्या खेड्यातली, तिशीतली बाई. शेतात काही उगवलं नाही म्हणून गिरणीत लागली होती. तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची सासू म्हणाली, "बोलत न्हाई कुणाशी."

चौकशी लागली. बाहेरून एक अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, तुमचं व्याकरण काय म्हणतं? मशीन स्टॉप म्हंजे मशीन थांबव, असा हुकूमच झाला की न्हाई?"

त्यांचा रोख मला कळला. हुकूम म्हटला की तो न पाळणारा जॉबर दोषी. परदेशी कंपनी नाराज होणार नाही, मशिनींची हमी जाणार नाही आणि गिरणीवरही काही येणार नाही. मी म्हटलं, नुसतं वाक्य घेतलं तर तसाही अर्थ लागतो. पण त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच विचारावं लागेल.

"त्याला कुठं बोलता येतं? म्हणून तर तुमाला बसवायचं हाय."

तिथून मी सरळ व्हरांड्यात गेले. फिटर बसलेलाच होता. दाढी वाढलेली. त्यानं पुस्तक बाजूला सारलं. हातानं चाक फिरवून दाखवलं, ते हळू हळू करत आणलं आणि विचारलं, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? काल घडलेलं असेल तर कसं?

त्या संध्याकाळी आम्ही धडा सोडून पुढे गेलो. थांबते, थांबत आहे, थांबत होती, थांबली, थांबली नव्हती. शेवटचं त्याला झेपेना, म्हणून 'डिड नॉट' वापरून सोपं करून दिलं. मी चेअरमनचं बोलणं त्याला सांगितलं नाही. पण जॉबर भिंतीला टेकून उभा होता आणि फिटर प्रत्येक वाक्य आधी त्याच्याकडे बघून म्हणत होता, त्यावरून फिटरला सगळं कळलं असावं.

चौकशीत मी त्याच्या शेजारी बसले. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, पण फिटरनं हात वर केला आणि स्वतः उभा राहिला. घाम पुसला. म्हणाला, "आय सेड, मशीन स्टॉप. आय सेड बॅड. द मशीन वॉज स्टॉपिंग. इट डिड नॉट स्टॉप."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "मशीन थांबत होती. थांबली नव्हती. सांगताना आपलं चुकलं, असं ते म्हणतात."

चेअरमन खिडकीबाहेर बघत होते. जॉबरनं खाली मान घातली. अधिकाऱ्यांनी आणखी विचारलं, ड्रम फिरत असताना झाकण उघडतंच कसं? त्याला कुलूप का नाही? ते प्रश्न त्यांनी आपल्या कागदावर लिहून घेतले.

त्यानंतरच्या रविवारी फिटरनं मला विचारलं, तिच्या घरी याल का? आम्ही तिघं गेलो, मी, तो आणि जॉबर. ती बाई आता घरी आली होती. ओट्यावर बसली होती, हात पदराखाली. सासूनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. त्या खेड्यात पाणी किती लांबून आणावं लागतं ते ठाऊक असल्यानं आम्ही घोट घोटच प्यालो.

फिटरनं चौकशीत काय सांगितलं होतं, ते तिनं मला विचारलं. मी सांगितलं. तिनं पदराखालचा हात जवळ ओढला. मग म्हणाली, "मंजी त्याला ठावं व्हतं, आतून फिरतंय म्हणून."

"हो."

"मग कावून न्हाई धरला माझा हात?"

मी त्याच्याकडे वळले. हे साध्या इंग्रजीत सांगणं अवघड नव्हतं, तरी मला वेळ लागला.  ऐकून तो तुटक वाक्यांत सांगू लागला. तो मशिनीच्या मागच्या बाजूला होता. मीटर बघत होता. ती वाट बघेल असं त्याला वाटलं. तो पळत आला तोवर झालं होतं.

मी ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण ते पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही. आत जाऊन ती चहाला लागली. डाव्या हातानं साखर घालताना थोडी सांडली, ती तिनं उचलून पुन्हा डब्यात टाकली. 

फिटरला त्याच्या कंपनीनं लवकरच परत बोलावलं. जाण्याआधी त्यानं सगळ्या मशिनींच्या झाकणांना कड्या बसवल्या, जॉबरकडून त्या उघडून-लावून घेतल्या. जॉबर कामावर राहिला, पण त्याला रात्रपाळीत टाकलं. त्या बाईला वजनकाट्याजवळ बसून करायचं काम मिळालं. चेअरमन पुढे कधी भेटले तर दुरून नमस्कार करायचे, थांबायचे नाहीत.

पुढची दोन वर्षंही कोरडी गेली. कापूस येईना, टँकर परवडेना, आणि गिरणी बंद झाली. जॉबरनं गेवराईला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. ती बाई मला एकदा बस स्टँडवर भेटली. मुलीला कॉलेजात घालायला आणलं होतं. मी हाताचं विचारलं. ती म्हणाली, "थंडीत ठणकतं, बाई. नसलेली बोटंच ठणकतात." मग मुलीला हाक मारून, माझ्या पाया पडायला लावून, ती घाईघाईनं बसकडे गेली.