कुंकू लावलेला बोर्ड

घरात पाऊल टाकताच तो म्हणायचा, "निघतोच जी मी." डोक्यावर हेल्मेट, एक पाय चपलेत, एक बाहेर. खुर्ची पुढे केली तर तिच्यावर पक्कड ठेवायचा. तुमच्याकडेही असा एखादा वायरमन येत असेल, चहाचा कप घेऊन फाटकापर्यंत जाणारा आणि कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून पसार होणारा. आमचा त्यातलाच. वर्ध्याकडून पुण्यात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण बोली त्याने बदलली नव्हती.

त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "माया हातचं काम वापस येत नाई, साहेब." नम्रपणा हा त्याचा विषय नव्हता.

धायरीतलं हे रो-हाउस आम्ही घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकाचा गरम पाण्याचा टब होता. हीटर, पंप, वर जाड झाकण. मी तो भंगारात काढणार होतो. मग माझ्या बायकोला संधिवाताने धरलं. सकाळी तिला कपाचा कान धरता येईना, गुडघे वाकेनात. त्या टबात गळ्यापर्यंत बसून बाहेर आली की मात्र ती स्वतःची वेणी स्वतः घालायची. भंगाराचा विषय मी परत काढला नाही.

थंडी सुरू होताना घरातला जुना मेन बोर्ड तापू लागला, म्हणून त्याला बोलावलं. त्याने सबंध बोर्ड नवा बसवला, टबाला वेगळा ब्रेकर दिला. काम संपलं की त्याची एक पद्धत होती. खिशातून पुडी काढायची, बोर्डाला ओलं कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, हात जोडायचे. "आमच्याकडं विहिरीवर मोटर बसवली तरी करतेत," तो म्हणाला. मग एकेक ब्रेकर वर करून घरातले दिवे, पंखे लावून पाहिले. टब पाहायचा राहिला, कारण तोवर तो फाटकाबाहेर गेला होता.

संध्याकाळी बायकोने टबाचं बटण दाबलं. काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही.

मी हिशेब मांडला. टबात आठशे लिटर पाणी, न्हाणीघरातला गीझर पंधरा लिटरचा. शेवटची बादली ओतेपर्यंत पहिली गार झालेली असणार. सकाळी तिने कप दोन्ही तळव्यांत दाबून उचलला आणि माझं लक्ष आहे असं पाहून खाली ठेवला.

तो आला. "टब म्हातारा झाला, साहेब."

"परवापर्यंत तरुण होता," मी म्हणालो.

त्याने टबाची बाजूची फळी उघडली. फ्यूज पाहिला, शाबूत. टबाकडे येणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला, बल्ब लागला नाही. म्हणजे वीज टबापर्यंत पोचतच नव्हती.

"मेनपासून क्रमाने पाहू," मी म्हणालो.

"मेन कायले? तो तर मीच बसवला. जमिनीतली वायर घुशीनं खाल्ली असन."

त्याच्या बोलण्याचा वेग असा, की माझा मुद्दा मागेच राहायचा. दुसऱ्या दिवशी तो छिन्नी घेऊन आला आणि अंगणातल्या फरशा उखडू लागला. मातीखालचा पाइप निघाला, वायर निघाली. कुठे चावा नाही, काळेपणा नाही. तरी पुढची फरशी. मधेच उठून फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. त्याचं दुसरं काम चालू होतं त्या हिंजवडीच्या साइटवरून फोन येत होते, ते तो कापत होता. खडकवासल्याकडून गार वारा येत होता आणि बायको शाल गुंडाळून दारात उभी होती.

"अहो," ती मला म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशी, "यांनी अख्खं अंगण उघडलं. कुंकू लावलेलं तेवढं सोडून."

छिन्नी थांबली.

"काकू, तिथं पूजा झाली हाय," तो म्हणाला.

"पूजा झाली म्हणून तपासायचं नाही, असं कुठे असतं का?"

तो छिन्नी ठेवून आत गेला. आम्ही मागोमाग. टबाच्या ब्रेकरची दांडी वर दिसत होती. त्याने अंगठ्याने रेटली, ती हलेना. मान वाकवून पाहिलं. दांडीच्या फटीत कुंकवाने चिकटलेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. दांडी पुरती वर गेलीच नव्हती.

मेन बंद करून त्याने दाणा टोकदार काडीने काढला. जमिनीवर टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. मेन लावला, दांडी वर केली. खट्ट झालं आणि मागच्या अंगणात पंप घुमू लागला. माझ्याकडे दोन-तीन टोमणे तयार होते. त्याचा चेहरा पाहिला आणि मी ते खिशातच ठेवले.

पाणी तापायला दुपार गेली. तेवढ्या वेळात त्याने फरशा परत बसवल्या, एकेक पातळीत, दोरी लावून. बायको टबात बसली तेव्हा तो दाराच्या आतल्या बाजूला, पाठ करून उभा होता.

"काकू, तपलं का पाणी?"

"तपलं."

"बोटं?"

"थांबा, आत्ताच तर बसले."

तो थांबला. तिने टबातून "वळतायत" म्हटल्यावरच गेला.

त्यानंतर तो कुंकू बोर्डाशेजारी भिंतीवर लावू लागला, असं शेजारच्यांकडून कळलं. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन यायचा, तोही मला नाही, तिला. "बोटं कशी हायत काकू? बरं, ठेवतो." एवढंच. मग हिंजवडीचं काम संपलं आणि तो कुठल्या तरी दुसऱ्या गावी मोठ्या साइटवर गेला. कुठल्या, ते शेजारच्यांनाही माहीत नाही. फोन यायचे थांबले. त्याच्या नंबरावर आता हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई शांतपणे सांगते.

काल सकाळी टबातून आल्यावर बायको फोन घेऊन खिडकीशी बसली होती. त्याच्या नंबरचा एकेक आकडा दाबत होती. मी म्हणालो, "दे इकडे, मी लावतो. लागणार नाहीच, पण लावतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "आज बोटं चालतायत, तेच सांगायचंय."