मामाच्या मांडीचा मान

माघ वद्य पंचमी, आमच्या निजामी मुलखातलं फसली साल तेराशे बावन्न. दुपारी ओसरीवर मी आणि मोठ्या जाऊबाई वाकळ शिवत होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचे कान टोचायचे होते, पाहुणे येणार होते आणि अंथरुणं कमी पडत होती. वाकळ शिवताना दोघी समोरासमोर बसतात, आपापल्या कडेनं आत सरकतात, आणि नजर टाक्यावर ठेवावी लागते. त्यामुळं बोलणं सोपं जातं.

लेक चार वर्षांची होती. एवढ्या उशिरा आमच्याकडं कुणी कान टोचत नाही. मीच दोनदा पुढं ढकललं होतं. एकदा गोवराचं निमित्त, एकदा अधिक महिन्याचं. खरं कारण असं, की टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसवायची रीत आहे. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून मान थोरल्या चुलत भावाचा. तो तहसिलीत पेशकार झालेला, शेरवानी घालून यायचा, आणि माझ्या सासरी त्याचं मोठं कौतुक होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "उद्या तरी गंजीवरचा कडबा आणशील का गं? पाहुण्यांची बैलं येत्याली. का अजून टोचतोय नाजूक बाईला?"

हा टोमणा जुना होता. लग्न होऊन आल्यापासून मी शेण काढलं, म्हशी व्यायल्या तेव्हा रात्रंदिवस गोठ्यात बसले. कडब्याच्या गंजीकडं मात्र कधी गेले नाही. घरात त्याला नखरा म्हणत. एरवी मी हसून सोडून देई. त्या दिवशी म्हणाले, "अक्का, गंजीमागंच त्यो मला धरायचा."

"कोन?"

"उद्या येनार त्यो."

त्यांची सुई थांबली. "कवा?"

"मी आठ-नऊ वर्सांची आसंन. त्याला चांगली मिसरूड फुटली व्हती. ज्वारी निघाली की गंजी लागायची. दोन सुगी चाललं."

"आन् तुज्या आईनं?"

"आईला सांगितलं. तिनं मला न्हाऊ घातलं, लई चोळून चोळून धुतलं, आन् म्हनली, गप, कुठं बोलू नको. फुडं त्याच्याच रानात भाकरी पोचवाया मलाच धाडलं."

जाऊबाई रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. सुईत नवा दोरा ओवत म्हणाल्या, "म्हंजी मी इतकी वर्सं तुला कडब्यावरनं..." आणि दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाल्या, "उद्या मी सगळ्यास्नी सांगते, नवस व्हता म्हनून. अणदूरच्या खंडोबाला बोलले व्हते, आईच्याच मांडीवर टोचीन म्हनून. देवापुढं सासूबाई काय बोलायच्या न्हाईत."

वाट चांगली होती. मी जवळजवळ होच म्हणणार होते. पण नवस एका दिवसाला पुरला असता. पुढं आंब्याच्या दिवसांत तो तिला रानात नेणार, जत्रेत खांद्यावर घेणार, तेव्हा कुठला देव आणायचा?

"देवाला मधी घालू नका, अक्का. मीच बसते तिला मांडीवर घिऊन."

"घरात बोंब हुईल."

"हू द्या."

"मग मी शेजारी बसते," त्या म्हणाल्या, आणि टाका घातला.

सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना आईचा राग आला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. ती जाऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळं त्या रागाचं काही करता आलं नाही. कडबा अजूनही दुसरंच कुणी आणतं.

सकाळी सोनार सोन्याची तार घेऊन बसला. भाऊ पाटावर मांडी घालून तयार होता. "ये गं, मामाकडं ये," म्हणाला. लेक निघालीच होती. मी तिला मधूनच उचललं आणि सोनारासमोर जमिनीवर बसले. जाऊबाई येऊन अगदी खेटून बसल्या.

"अगं, मान मामाचा असतो," तो हसत म्हणाला.

"मान ठाऊक हाय. तुजी मांडीबी ठाऊक हाय."

त्याचं हसू गेलं. सासूबाई काहीतरी विचारणार, एवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "टोचा, सोनारकाका."

लेकीनं टाहो फोडला. चहूकडून बाया म्हणू लागल्या, गप, गप. मी तिला म्हणाले, "रड. मोठ्यानं रड." दुसरा कान होईपर्यंत तिला घट्ट धरलं. मग हळद-तेल लावून तिला जाऊबाईंच्या कडेवर दिलं आणि चुलीकडं गेले. माणसं जेवायची होती. सगळ्यांची ताटं मी वाढली. त्याचं वाढलं नाही.