अण्णांची विलायती गाडी सांगलीला नेताना

दुष्काळाचं वर्ष सरल्यानंतरचा तो माघ महिना होता. सकाळी सातला मी साताऱ्याहून सांगलीला निघाले. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हिरवी विलायती गाडी मी एकटीच चालवत होते. मोटारींची आयात बंद होण्यापूर्वी अण्णांनी ती मुंबईच्या गोदीतून स्वतः आणली होती. ते रस्तेबांधणीतले इंजिनिअर. जिल्ह्यातले पूल त्यांनी तिच्यातूनच हिंडून पाहिले आणि तिच्यावरच मला चालवायला शिकवलं. आता अण्णा जाऊन वर्ष झालं होतं, पेट्रोल भडकलं होतं, आणि कॉलेजच्या ग्रंथालयातल्या पगारात मोटार ठेवणं मला जमेना. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला ती देण्याचा शब्द मी दिला होता.

रस्त्यावर डांबर जेमतेम दीड गाडीचं. समोरून एस.टी. आली की लहान गाडीनं मातीत उतरायचं, हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण सगळे पाळत. उसाच्या बैलगाडीला मात्र एस.टी.सुद्धा वाट देई. भरलेली गाडी मातीत रुतली की बैलांना ती वर काढता येत नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. बाई मोटार चालवतेय हे पाहून गाडीवान कासरा आवरून बघत राहायचे.

कराड ओलांडलं आणि मलकापुरात गाडी आचके देत बंद पडली. चहा पीत बसलेल्या चौघांनी ढकलत ती एका लिंबाखालच्या पत्र्याच्या गॅरेजपर्यंत नेली. तिथले मिस्त्री दगडू कांबळे सैन्याच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप सोडवला.

"पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, बाई. नवा न्हाई मिळायचा. भायेरनं माल यायचा बंद हून लय वर्सं झाली."

"मग आता?"

"आता काय, करायचा."

खुंटीवरचा आपला लष्करी रेनकोट त्यांनी काढला, त्याच्या रबरी कापडाचे दोन गोल तुकडे कापले, भोकं पाडली आणि पंपात बसवले. गाडी सुरू झाली. ते मात्र मागच्या चाकांजवळ वाकून बराच वेळ ऐकत होते.

"इंजिन थकलंय," ते म्हणाले. "पर मागची चाकं फिरवणारं दातं झ्याक हायेत. कुंडलला एक डॉक्टरीणबाई हायेत. हीच गाडी, रंग तेवढा काळा. त्यांचं इंजिन धड, मागचं दातं मोडल्यालं. आठ म्हैनं गाडी इटांवर उभी हाय. परदेशातनं दातं मागवायला अर्ज केलाय, पर परवाना कवा यायचा? दोन गाड्यांत एक गाडी हाय बघा."

"म्हणजे ही मोडायची?"

"व्हय. उगं गोड बोलत न्हाई मी."

मला त्यांचा राग आला. आईबापाविना पोर बघून कुणी दागिने मागावेत तसं वाटलं. तरी इस्लामपूरची वाट सोडून मी कुंडलकडे वळले. त्या बाईंचं काही अडत नाही हे डोळ्यांनी पाहावं आणि मोकळ्या मनानं सांगलीला जावं, असा माझा हिशेब होता.

डॉक्टर मालतीबाईंनी आधी मला जेवायला वाढलं. शाळूची भाकरी, वांग्याचं भरीत, ओल्या हरभऱ्याची उसळ. गाडीचा विषय मीच काढला.

"मागच्या आठवड्यात एका बाळंतपणाला बैलगाडीनं गेले," त्या म्हणाल्या. "पोचले तेव्हा मूल आलं होतं, पण आईची नाडी लागत नव्हती. वाचली ती." मग त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी घातली. मागितलं त्यांनी काहीच नाही.

सांगलीच्या हळदीच्या पेठेत चपला, दाराच्या चौकटी, हमालांच्या भुवया, सगळं पिवळं झालेलं. व्यापारी भला माणूस. "घरची लग्नं आणि दसरा, एवढ्यालाच बाहेर काढीन," तो म्हणाला. "एरवी पुसून ठेवीन. तुम्ही कधीही बघायला या."

मला नेमकं हेच हवं होतं. तरी मी त्याला कुंडलचं सांगितलं.

"तुम्हाला शब्दातून मोकळं करतो," तो म्हणाला. "पण ठरवायचं तुमचं तुम्ही. उद्या मला बोल लावू नका."

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसून मी अण्णांची गाडी स्वच्छ कधी पाहिली होती ते आठवू लागले. एकदाही आठवेना. दारापर्यंत चिखल, मागच्या सीटवर मोजणीच्या साखळ्या, टपावर लाल धूळ. पुसून ठेवलेली गाडी माझ्या मनातली होती, अण्णांच्या नव्हे.

दुसऱ्या दिवशी कुंडलला पोचले, मालतीबाईंना गाडी देऊ केली आणि मलकापूरला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी दगडू मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन एस.टी.नं आले. हिरव्या गाडीचा पहिला बोल्ट सोडण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि आत निघून गेले. ते बघणं मला जमलं नाही. दिवस कलताना हॉर्न ऐकू आला म्हणून बाहेर आले. काळी गाडी रस्त्यावर उभी होती, आणि त्याच विटांवर आता आमची हिरवी. मालतीबाईंनी गावाला एक फेरी मारली. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

साताऱ्याला मी एस.टी.नं परतले. एक वस्तू पुरी करायला दुसरी मोडावी लागते, असे ते दिवस होते. त्यात योग्य काय नि अयोग्य काय, हे मला तेव्हाही नीट कळलं नाही. उंब्रजच्या चढावर ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि माझा डावा पाय, क्लचवर असल्यासारखा, आपोआप खाली दाबला गेला.

शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "पाय दुकतोय व्हय, बाई?"

"नाही," मी म्हटलं, आणि पाय तसाच दाबून धरला.