मांडवाचा सण

आमच्या शेजारचे शालोमकाका दर वर्षी सुकोथला, म्हणजे मांडवाच्या सणाला, अंगणात बांबू रोवून झावळ्यांचा मांडव घालतात. ज्यूंचे पूर्वज वाळवंटात भटकत असताना अशाच झोपड्यांत राहिले, त्याची ही आठवण. छप्पर विरळच लागतं. आत बसून आभाळ दिसायला हवं.

रिबकाकाकूंची स्मृती हल्ली जात चालली आहे. लग्नापासून ज्या घरात राहिल्या, तिथेच बसून त्या नवऱ्याला विचारतात, "अहो, आपण घरी कधी जायचं?"

"अगं, हेच आपलं घर," असं सांगून काका थकतात आणि काकू रडतात.

यंदा सणाला त्यांनी मला मांडवात जेवायला बोलावलं. काकूंनी वर पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला.

"सण झाला की जाऊ," काका म्हणाले.

काकू हसल्या, पोटभर जेवल्या. काका हळूच मला म्हणाले, "इथे तिचं म्हणणं चूक नसतं."

मी झावळ्यांतून आभाळ बघत राहिले. पक्क्या भिंतींच्या भरवशावर आपण किती निर्धास्त असतो! हा सण माणसाला त्या भरवशातून उठवून थोडे दिवस बाहेर बसवतो. पण ज्याला परत आत जाताच येत नाही, त्याने काय करावं?

सण संपल्यावर मी मांडव सोडवायला मदतीला गेले. काकांनी पहिली गाठ सोडली, तोच काकू नवी साडी नेसून, पिशवी घेऊन पायरीवर आल्या.

"निघायचं ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग सोडलेली गाठ त्यांनी पुन्हा बांधायला घेतली.