आले, गेले, मधे काहीच नाही

"लिहिलं गेलं हं!" कुणी साहेबांची नक्कल केली, कुणी खमणचा तिसरा तुकडा उचलला, की काका मॉनिटरवर टकटक करून असं म्हणायचे. सुभानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात पॅथॉलॉजी लॅबांचा डेटा सांभाळतात, आणि त्या डेटाबेसचे राजे म्हणजे काका. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच.

मला नोकरी त्यांनीच लावली. ऑडिट प्लगिनही त्यांनीच शिकवला. "अगं, तो बाहेरून डोकावत नाही, सर्व्हरच्या पोटातच बसतो. कुणी आत आलं, काही विचारलं, डेटाच्या टेबलाला हात लावला, की सर्व्हर स्वतः त्याला कळवतो. हा नुसता लॉगमध्ये उतरवून घेतो. बद्धाचं, सगळ्यांचं! माझंसुद्धा." बडोद्यात आमच्या मराठीत असं गुजराती येतंच.

एके सकाळी डभोईच्या लॅबचे रिपोर्ट गायब. लॉगमध्ये त्या टेबलाला शेवटचा हात माझा! मी फक्त एका पेशंटचं स्पेलिंग सुधारलं होतं. साहेब म्हणाले, राजीनामा द्या. मी आशेनं काकांकडे बघितलं.

"लॉग खोटं बोलत नाही, साहेब," काका म्हणाले.

रिपोर्ट बॅकअपमधून परत आले, माझी अब्रू कुठून आणायची? आणि पुसल्याची नोंदच नाही, तर पुसलं कुणी? लॉग पुन्हा वाचला. माझ्यानंतर काका आत आले, काका बाहेर गेले. मधे काहीच नाही. सेटिंग उघडलं. ज्यांची कामं उतरवायची नाहीत, त्या जागी एकच नाव होतं. काकांचं.

"काका, हे काय?"

ते चक्क हसले. "येण्याजाण्याची नोंद तरीही होते, हे लक्षात ठेवलंस! शाब्बास." मग हळूच म्हणाले, "चुकून पुसलं गेलं गं माझ्या हातून. तुला दुसरीकडे मिळेल. मला या वयात कोण घेणार?"

बाप मानलं होतं मी या माणसाला! माझ्या साखरपुड्यात कंबर कसून पंगत वाढली होती त्यांनी. इतका संताप आला की तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

काका त्याच दिवशी गेले, पादऱ्याला भावाकडे. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी मी रागारागानं सेटिंगमधलं त्यांचं नाव काढून टाकलं. म्हटलं, आता लिहिलं जाऊ दे सगळं. पण त्यांचं लॉगिन साहेबांनी आधीच बंद केलं होतं.